जोतीरामनं विचारलं होतं

पैंजणाच्या घुंगराला जोड द्यायचा असेल तर मधे फुंकर तुटता कामा नये. हे रत्नव्वाला तिच्या सासूनं शिकवलं, आणि रत्नव्वानं आपल्या पोरीला, शांभवीला.

रत्नव्वा निपाणीकडची. माहेरी कानडी बोलणं, सासरी कानडी-मराठी दोन्ही. लग्न होऊन हुपरीत आली तेव्हा पैंजण पायात घालतात, एवढंच तिला ठाऊक होतं. सासरी सोप्यात बसून ते करतात हे तिनं आल्यावर पाहिलं. समोर रॉकेलचा दिवा, त्याची जाड वात, एका हातात चिमटा आणि तोंडात वाकडी पितळी नळी. या नळीला बाकनळी म्हणतात. नळीतून फुंकलं की दिव्याची ज्योत आडवी होऊन सुईसारखी टोकदार होते आणि बरोबर जोडावर जाते. डाख, म्हणजे जोडाला लावलेला धातू, वितळतो, जोड बसतो. फुंकर मधेच तुटली तर डाख अर्धवट राहतो. जास्त झाली तर घुंगरूच वितळून त्याचा गोळा होतो. पहिल्या वर्षी रत्नव्वानं असे बरेच गोळे केले आणि सासूच्या तोंडून त्यांची बरीच नावं ऐकली. पुढे तिचा हात बसला. सासू गेली, तेव्हा गल्लीतल्या बायका अवघड जोड रत्नव्वाकडे आणत होत्या.

नवरा सिद्धाप्पा. शेठकडून चांदी आणायची, तार ओढून घ्यायची, तयार माल पोचवायचा, हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता. जे बोलून अडचण येईल ते बोलायचं नाही, असा त्याचा नियम होता आणि त्या नियमावर त्याचा संसार बरा चालला होता.

तोवर बऱ्याच घरांत गॅसची बंदूक आली होती. मोठ्या कड्यांना ती चालायची. बारीक घुंगराला मात्र तोंडाचीच फुंकर लागे, आणि ती लहान पोराची असेल तर आणखी बरी, असा गल्लीचा समज. गाल फुगवून त्यात वारा साठवायचा, नाकानं घेत राहायचं, तोंडानं सोडत राहायचं. मोठ्या माणसाला हे जमायला महिने जातात. शांभवीला आठव्या वर्षी पाहता पाहता जमलं. शाळेतून आली की दप्तर टाकून ती दिव्यासमोर बसे. कुणी बसवत नव्हतं, असं रत्नव्वा पुढे म्हणत असे; ते पहिले काही महिने खरं होतं.

"रत्ने," शेजारची अंबूबाई म्हणाली होती, "तुझ्या पोरीच्या छातीत देवानं भाता बसवलाय गं."

"नजर लावू नगा, काकू."

"नजर कशाला लावू? माझी सून दोन फुंकरात खोकती. हिला न्हेऊ का आमच्याकडं?"

रत्नव्वा हसली होती. तिला आवडलं होतं ते.

२००२ सालच्या लग्नसराईत माल खूप होता. एका दुपारी शांभवीच्या उजव्या हातातला चिमटा खाली पडला. घुंगरू जमिनीवर घरंगळत गेलं. पोरीनं नळी तोंडातून काढली आणि आपल्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं.

"अव्वा, हात झोपला."

"उठीव मग."

थोड्या वेळानं हात आपोआप जागा झाला. रत्नव्वानं फारसं मनावर घेतलं नाही. मांडी घालून बसलं की पाय झोपतो, तसा हात झोपला. पण चार दिवसांनी पुन्हा झालं, आणि त्या वेळी शेजारच्या घरी टीव्हीवर सिनेमा लागलेला होता; तो बघायला जायचं म्हणून हा बहाणा, असं रत्नव्वाला वाटलं. पुढच्या वेळी चिमट्यातला तुकडा दिव्यात पडला आणि वाया गेला. रत्नव्वानं पोरीच्या गालफडात दिली.

"काम नगं तर नगं म्हण. नाटकं कशाला करतीस?"

शांभवी रडायला लागली. हुंदके देत, धापा टाकत रडली आणि रडता रडता तिच्या तोंडाची उजवी बाजू किंचित खाली ओघळली. हात पुन्हा लुळा पडला. रत्नव्वानं ते पाहिलं. नंतर कितीही वेळा तिनं स्वतःला समजावलं, तरी आपण ते पाहिलं होतं, हे तिला पुसता आलं नाही. त्या वेळी तिला वाटलं, पोरगी आता तोंडसुद्धा वाकडं करायला शिकली. तिनं आणखी एक ठेवून दिली.

असं किती वेळा झालं, याचा हिशेब रत्नव्वाकडे नव्हता. पण तिला एक गोष्ट नीट कळली होती. लांब फुंकर झाली की हात जातो, आणि मारलं, रडवलं की हमखास जातो. हे तिला माहीत होतं तसं जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पोरीला सोडून.

शाळेत पळण्याच्या शर्यतीत शांभवी पडली आणि तिला काही वेळ नीट बोलता येईना, तेव्हा गुरुजींनी सिद्धाप्पाला बोलावून घेतलं. गावातल्या डॉक्टरांना फिटची शंका आली. त्यांनी डोक्याचा सीटी स्कॅन काढून आणायला सांगितला. त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

एसटीत सिद्धाप्पानं बायकोला हळू आवाजात सांगितलं, "कामाचं काय बोलू नगंस."

"का?"

"शेठ म्हणत हुते, तपासणीवालं फिरायला लागल्यात. पोरं कामाला लावली म्हणून केशी हुत्यात. आपल्यामुळं गल्लीचा माल बंद झाला तर लोक दारात उभं करून घेणार न्हाईत."

रत्नव्वा हो म्हणाली. तिला केशीची भीती नव्हती. काम सांगितलं की त्याच्यामागून मारसुद्धा निघणार होता, आणि तो सांगायला तिची जीभ तयार नव्हती. नवऱ्यानं मनाई केली, हे तिच्या पथ्यावर पडलं.

डॉक्टर पन्नाशीतले, सावकाश बोलणारे. त्यांनी शांभवीला चालायला लावलं, बोटं मोजायला लावली, जीभ काढायला सांगितली. मग विचारलं, "हे कधी होतं? पळाल्यावर? रडल्यावर? गरम चहा फुंकताना, फुगा फुगवताना?"

शांभवीनं आईकडे पाहिलं. नजरेत प्रश्न नव्हता. उत्तर कुठलं द्यायचं, एवढं तिला बघायचं होतं.

"आपोआप हुतंय," ती म्हणाली.

नऊ वर्षांच्या पोरीनं आपल्यावर पांघरूण घातलं हे रत्नव्वाला कळलं, आणि तिनं ते काढलं नाही.

डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला. डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेतात. फिट असेल तर त्यात सापडते. ही खोली जिन्याखाली होती आणि तिथला माणूस जोतीराम. कागल तालुक्यातला, मुरगूडचा, हाडापेरानं मोठा, आवाज त्याहून मोठा. पण पोरांशी बोलताना तो आवाज कुठून तरी बारीक करून आणायचा.

"या पावणीबाई. घाबरायचं न्हाय. सुई न्हाय, काय न्हाय. नुसतं डोक्याला चिकटवायचं. न्हाऊन आलाय न्हवं? तेल न्हाय लावलं?"

"न्हाय," शांभवी म्हणाली.

"शाणी हाय. काल एक पैलवान आलता, आर्धा लिटर तेल घालून. वायरी घसरून त्याच्या कानात जायला लागल्या."

शांभवी हसली. वायरी लावून झाल्यावर जोतीराम रत्नव्वाकडे वळला. त्यानं विचारलं ते तिला शब्दाला शब्द आठवतं. "बाई, आता हिला जरा वेळ जोरजोरात फुंकायला लावणार. आधी सांगा, दमा हाय का? फुंकर मारली, दमली, रडली, तर हिला काय तरास हुतो का?"

सिद्धाप्पा दारात उभा होता.

"न्हाय," रत्नव्वा म्हणाली.

"नक्की न्हवं?"

"न्हाय हुत काय."

जोतीरामनं टेबलावरचं कागदाचं भिरभिरं घेतलं आणि पोरीच्या तोंडासमोर धरलं. "हे थांबू द्यायचं न्हाय. थांबलं की तू हरलीस."

शांभवीनं गाल फुगवले. भिरभिरं फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. इतर पोरं पाचदहा फुंकरांत कंटाळतात, त्यांना चुचकारावं लागतं. इथं चुचकारायचं कामच नव्हतं. जोतीराम यंत्राकडे बघायचं विसरून भिरभिऱ्याकडे बघायला लागला. "आयला," तो म्हणाला, "असं पोरगं आमच्या टेबलावर पयल्यांदाच आलंय."

शांभवीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून आईकडे पाहिलं. कौतुक ऐकलं की पोर जसं पाहतं, तसं. रत्नव्वाला ठाऊक होतं की आता थोड्याच वेळात हात जाणार. 'बस कर' हे दोन शब्द तिच्या तोंडात आले होते. ते बोलले असते तर जोतीरामनं लगेच विचारलं असतं, का हो बाई, मघाशी तर न्हाय म्हणालासा. त्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागू नये म्हणून ती गप्प बसली. आत्ता हात झोपेल, नेहमीसारखा उठेल, आलेखात काय दिसायचं ते दिसेल, असा तिनं मनाशी सौदा केला.

भिरभिरं मंदावलं. शांभवीचा उजवा हात टेबलावरून घसरून खाली लोंबला. तोंड ओघळलं. तिनं 'अव्वा' म्हणायला तोंड उघडलं आणि नुसता 'अ' आला.

या वेळी हात उठला नाही.

जोतीराम पळत जिना चढला. डॉक्टर आले. सलाईन लागलं, पोरीला खाटेवर हलवलं. शांभवीचे डोळे उघडे होते, सगळं तिला कळत होतं. फक्त उजवं अंग आणि वाचा तिच्या ताब्यात नव्हती. डॉक्टर म्हणाले, "ही फिट नाही. मेंदूला रक्त कमी पडलंय. लहान मुलांनासुद्धा पक्षाघात होतो. आता रक्ताच्या वाटा पाहायला हव्यात."

सिद्धाप्पाच्या चुलतभावाची अँजिओग्राफी झाली होती. मांडीतून तार घालून ती थेट काळजापर्यंत नेली होती, हे त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितलं होतं की सगळ्या भावकीला पाठ होतं. सिद्धाप्पा म्हणाला, "डॉक्टर, तार घालू नगा. एवढीशी पोर हाय."

"तार नाही, टोचणं नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी गळ्यावरून सोनोग्राफी. मग एमआरआयच्या यंत्रात निजवायचं. चुंबकाच्या जोरावर ते यंत्र वाहतं रक्त टिपतं. रक्त जिथं वाहतं ती शीर फिल्मवर पांढरी दिसते. जिथं वाहत नाही तिथं काळोख."

गळ्यावरून यंत्र फिरवलं. गळ्यापर्यंत रक्त बिनतक्रार जात होतं. अडचण त्याच्या वर, कवटीच्या आत होती.

एमआरआयचं केंद्र रस्त्याच्या पलीकडे होतं. पोर हलू नये म्हणून आईनं आत जवळ बसावं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं आणि अंगावरचा धातू काढायला लावला. डोरलं, जोडवी, कानातलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीपाशी रत्नव्वाचा हात अडखळला. डबीत इष्टलिंग, लिंगायताच्या गळ्यात कायम असतं ते. दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं केलेलं नव्हतं. तिनं ते काढून सिद्धाप्पाच्या ओंजळीत ठेवलं. त्यानं ओंजळ छातीशी धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता नीट सांगा," त्या बाई म्हणाल्या. "मुलीच्या अंगात कुठं धातू आहे का? घरी धातूचं काही काम आहे? कानशीचा, तारेचा कण कधी डोळ्यात गेलाय? असला तर चुंबक ओढतो. डोळा जाऊ शकतो."

सिद्धाप्पा भिंतीकडूनच म्हणाला, "तसं काय न्हाय."

"हाय," रत्नव्वा म्हणाली. "चांदीचं काम हाय. ती बसती कामाला. मागं एकदा कण गेलता डोळ्यात."

सिद्धाप्पा वळला. त्या बाईंना आश्चर्यबिश्चर्य काही वाटलं नाही. त्यांनी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून घेतला, त्यात काही नाही असं पाहिलं आणि पोरीला यंत्रात घेतलं. यंत्र ठोकाठोक करत होतं. रत्नव्वा पोरीचा पाय धरून बसली होती. उजवा पाय. त्यानं तिच्या हाताला काही उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "या दोन मोठ्या वाटा. गळ्यातून वर येतात. आत शिरल्यावर इथं, बघा, सुतासारख्या झाल्यात. डावीकडची जवळपास बंदच. मेंदूनं बिचाऱ्यानं आजूबाजूनं बारीक बारीक पाऊलवाटा काढल्यात, त्यावर इतके दिवस चाललं होतं. जोरजोरात श्वास सोडला, रडलं, फुंकलं की या शिरा आकसतात आणि पुढचं रक्त तुटतं." मग त्यांनी विचारलं, "एमआरआयवाल्या बाईंचा फोन आला होता. ही चांदीच्या कामाला बसते?"

"व्हय," रत्नव्वा म्हणाली. "बाकनळी फुंकती."

डॉक्टर फिल्मकडेच बघत होते. "फुंकण्यानं हा आजार होत नाही," ते म्हणाले. "शिरा आधीपासूनच बारीक होत होत्या. पण फुंकल्यावर त्रास होतो हे कळलं असतं, तर आलेख काढताना मी फुंकू दिलंच नसतं. आधी हीच फिल्म काढली असती." मग म्हणाले, "मी विचारलं तेव्हा ही आपोआप होतं म्हणाली. पण जोतीरामनं विचारलं नाही तुम्हाला? तो सगळ्यांना विचारतो."

"न्हाय," सिद्धाप्पा म्हणाला. "त्यानं आमाला काय इचारलं न्हाय."

डॉक्टरांनी रत्नव्वाकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम खाटेजवळ आला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. आवाज मोठा नव्हता आणि बारीकही नव्हता.

"बाई, मी इचारलंतं की तुम्हाला," तो म्हणाला. "फुंकल्यावर तरास हुतो का म्हणून. इचारलंतं न्हवं?"

सिद्धाप्पा तिथंच होता. शांभवी उघड्या डोळ्यांनी जोतीरामकडे बघत होती. रत्नव्वानं पोरीच्या अंगावरची चादर ओढली, ओढलेली पुन्हा ओढली. जोतीराम वाट बघत उभा राहिला.

"रोज इतकी पोरं येत्यात," शेवटी तो स्वतःच म्हणाला. "इसरलो आसंन. माझ्याकडनं चूक झाली, बाई. माफ करा."

रत्नव्वानं मान हलवली. माफ केलं, अशा अर्थाची. आयुष्यात तिनं पुष्कळ गोष्टींची लाज बाळगली होती; त्या मान हलवण्याइतकी कशाचीच नाही.

जोतीरामला आलेखाच्या खोलीतून काढलं. नोकरी राहिली, पण त्याला खाली नोंदणीच्या खिडकीत बसवलं. शांभवी घरी जाईपर्यंत तो अधूनमधून बिस्किटाचा पुडा घेऊन येई, आणि रत्नव्वा तो घेई.

पुढचं सगळं तसं बरं झालं. बंगळूरला सिद्धाप्पाची मावसबहीण होती. तिथल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. डोक्याच्या कातडीखालची एक शीर काढून मेंदूच्या अंगावर नेऊन ठेवली. तिथून हळूहळू नव्या वाटा फुटतात, असं तिथल्या डॉक्टरांनी कानडीत नीट समजावून सांगितलं. शांभवी चालायला लागली. उजव्या हातानं ती पेला धरू शकते, बटण लावू शकत नाही. बोलणं परत आलं, पण सावकाश. एकेक शब्द शोधून आणावा लागतो. रत्नव्वानं दिवा आणि बाकनळी अंबूबाईला देऊन टाकली. ती आता फक्त कड्या ओवते.

हिला रडू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रत्नव्वानं ते इतकं पाळलं की गल्लीत त्याचं नाव झालं.

"आई असावी तर अशी," अंबूबाई हळदीकुंकवात चार बायकांसमोर म्हणाली. "पोरीला वरच्या आवाजात बोललेली ऐकली न्हाय कधी."

"पयल्यापासनं मायाळूच," दुसरी म्हणाली.

रत्नव्वा तिथून उठली. तेव्हापासून ती हळदीकुंकवाला जात नाही. सिद्धाप्पानं मात्र डॉक्टरांचं वाक्य अर्धं उचललं. 'फुंकण्यानं हा आजार होत नाही' हे तो ज्याला त्याला सांगतो. ते खोटं नाही. उरलेलं अर्धं रत्नव्वाकडे राहिलं. एकदा तिनं विषय काढला.

"त्या जोतीरामला सांगाय पायजे."

"काय सांगाय पायजे?"

"त्यानं इचारलंतं."

"त्याची नोकरी गेली का? न्हाय न्हवं? बसलाय की खिडकीत पंख्याखाली. झालं ते झालं. पोर बरी हाय."

"बरी हाय," रत्नव्वा म्हणाली.

२००४ साली डॉक्टरांनी शिरांची फिल्म पुन्हा काढून आणायला सांगितली. नवी वाट उघडली आहे का, ते पाहायचं होतं. आदल्या खेपांना रत्नव्वा नोंदणीला सिद्धाप्पाला पाठवायची आणि स्वतः खांबाआड उभी राहायची. त्या दिवशी फिल्म काढून झाल्यावर बापलेक वर जाऊन डॉक्टरांच्या दाराशी बसले आणि ती रांगेत उभी राहिली.

जोतीराम जाड झाला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"शांभवीची आई."

त्यानं वर पाहिलं आणि हसला. "पावणीबाई कशी हाय?"

"बरी हाय." मागं एक म्हातारा काठी आपटत होता. रत्नव्वानं खिडकीच्या गजाला धरलं. "तुम्ही इचारलंतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. फुंकल्यावर तरास हुतो का म्हणून. दोनदा इचारलंतं. मी न्हाय म्हटलो. मला ठाऊक हुतं."

जोतीरामचं हसू लगेच गेलं नाही. काही वेळ ते चेहऱ्यावर तसंच विनाकारण राहिलं. मग गेलं.

"मी इचारलंतं," तो म्हणाला.

"व्हय."

"आणि मी माफी मागितली तवा तुम्ही मान हलवलासा."

"व्हय."

मागचा म्हातारा म्हणाला, "ओ बाई, घरच्या गप्पा घरी मारा की." जोतीरामनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझं मलाच खरं वाटंना झालं, बाई. घरात गॅस बंद केला का म्हणून चारचारदा उठून बघतोय. बायको म्हणती, तुमचं डोस्कं गेलंय. पोरं हसत्यात." तो हे रागानं बोलत नव्हता, रागापर्यंत अजून पोचला नव्हता. "मला कशाला सांगताय आता? वर जावा. डॉक्टरांना सांगा."

"तुम्ही चला."

"मी न्हाय येत. मी तवा चूक कबूल कराय एकटाच गेलतो वर. तुम्हीबी एकट्या जावा." आणि त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "नाव?"

ती जिना चढली तेव्हा सिद्धाप्पा आणि शांभवी आत जाऊन बसले होते. डॉक्टर खुशीत होते. त्यांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या होत्या.

"या, या. हे बघा. मागं इथं सगळा काळोख होता. आता ही पांढरी रेघ दिसते? ही आपली नवी शीर. वाहतेय. छान वाहतेय. आणि हे सगळं पुन्हा एकदाही न टोचता—"

"डॉक्टर," रत्नव्वा म्हणाली, "जोतीरामनं इचारलंतं."

डॉक्टरांचं बोट फिल्मवरच राहिलं.

"आलेखाच्या वेळी. मला दोनदा इचारलं. मी खोटं बोललो. फुंकलं की हिचा हात जातो, हे मला आधीपासनं ठाऊक हुतं. मी मारत हुतो हिला, तवाबी जायचा."

"अगं काय बोलतीस," सिद्धाप्पा म्हणाला. "डॉक्टर, तिला काय आठवत न्हाय, तिचं मन—"

"काकांनी," शांभवी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती शब्द शोधत होती. अशा वेळी मधे बोलायचं नसतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

"काकांनी... इचारलंतं. मला... आठवतंय."

त्या दिवशी खाटेवर तिला कळत होतं सगळं, बोलता तेवढं येत नव्हतं. पुढे बोलता यायला लागलं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही तर आपणहून सांगायचं नाही, हे ती आईबापाकडूनच शिकली होती. रत्नव्वानं खाली पाहिलं. दोन वर्षं ती समजत होती की ही गोष्ट आपल्या एकटीजवळ आहे.

डॉक्टरांनी पेटीचा दिवा बंद केला. ते सिद्धाप्पाला म्हणाले, "तुम्हीही होता तिथं."

सिद्धाप्पा काळ्या झालेल्या फिल्मकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी फोन उचलून खाली लावला. "जोतीरामला जरा वर पाठवा." पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. त्यांनी फोन ठेवला.

"रांग संपली की येतो, म्हणाला."

बाहेर बरीच गर्दी होती. रांग संपायला वेळ लागणार होता. डॉक्टर रत्नव्वाला म्हणाले, "बसा." खुर्ची रिकामी होती. ती बसली नाही.